भोर समितीने विमा का नाकारला?

१/
आरोग्यविम्याचा हप्ता दरवर्षी का वाढतो, यावर देशात सध्या मोठा कोलाहल चालू आहे. कोणी विमा कंपन्यांना दोष देतो, कोणी खासगी रुग्णालयांना, कोणी सरकारच्या करांना. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र हरवला आहे. सर्वसामान्य भारतीयाच्या आजारपणाचा भार विम्यावर टाकावा, हे ठरले कधी आणि ठरवले कोणी? कारण या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा पहिला सविस्तर आराखडा ज्यांनी आखला, त्यांनी हा पर्याय तपासून बाजूला ठेवला होता. (धागा)

२/
स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘भोर समिती’ एका ओळीत आटोपते: अहवाल १९४६, शिफारस प्राथमिक आरोग्य केंद्रांची. ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, पेशा सनदी अधिकाऱ्याचा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी व्यापार आणि रेल्वे ही खाती सांभाळली होती. सदस्यांत डॉ. बिधानचंद्र रॉय आणि डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखे नामांकित वैद्यक होते. या मंडळींवर स्वप्नाळूपणाचा आरोप करणे कठीण आहे.

३/
त्यांच्यापुढचे चित्र भीषण होते. ब्रिटिश हिंदुस्थानात सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे. जन्मलेल्या दर १,००० बालकांपैकी १६२ पहिला वाढदिवस पाहत नसत. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे दहा वर्षांखालील मुलांचे. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक, परिचारिका ४३,००० लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये दर १,००० लोकांमागे रुग्णालयात ७.१४ खाटा होत्या, येथे ०.२४.

४/
यावर समितीने सुचवलेली रचना तीन पायऱ्यांची होती. दूरच्या पल्ल्यात दर १०,००० ते २०,००० लोकांमागे ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे दुय्यम रुग्णालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे रुग्णालय. तोपर्यंतची सोय म्हणून ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे या रचनेचे मूलतत्त्व. आज ज्याला सरकारी आरोग्य केंद्र म्हणून नाके मुरडली जातात, ते या आराखड्याच्या तात्पुरत्या सोयीचे अर्धवट बांधलेले रूप आहे.

५/
मग पैसा कुठून यायचा? समितीने विम्याचा विचार केला. पण हप्ता भरण्याची ऐपत बहुसंख्य जनतेत नव्हती, नियमित वेतन घेणारे मूठभर होते, आणि शेतमजुराच्या मिळकतीतून दरमहा वर्गणी कापून घेणारी यंत्रणा कल्पनेतही उभी राहत नव्हती. म्हणून निष्कर्ष सरळ निघाला. सेवा सर्वांना भेदभावाविना मोफत असावी आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपला वाटा कररूपाने द्यावा. श्रीमंताने अधिक द्यायचे ते कर भरताना. रुग्णालयाच्या दारात सर्वांची रांग एकच.

६/
येथे एक आक्षेप हमखास येतो: ‘तेव्हा विम्याचे शास्त्र कोणाला ठाऊक होते?’ इतिहास याच्या उलट सांगतो. बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा १८८३ मध्येच केला होता. ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विमा कायदा १९११ मध्ये आणला. खुद्द हिंदुस्थानात प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये सरकारला सादर केला होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे.

७/
आडारकरांच्या अहवालातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. तिचे स्वरूप नीट पाहावे. विमा सक्तीचा. वर्गणी वेतनाच्या प्रमाणात. कामगाराचे वय किंवा त्याची जुनी दुखणी पाहून नव्हे. वर्गणीचा मोठा भाग मालकाचा. आजही दर हेच सांगतो: मालक ३.२५ टक्के, कामगार ०.७५ टक्के. उपचार योजनेच्याच दवाखान्यांत आणि रुग्णालयांत.

८/
म्हणजे त्या पिढीला विम्याचे वावडे नव्हते. विमा कुठे चालतो आणि कुठे फसतो, याचे भान तिला होते. जिथे नियमित वेतन आहे, मालक आहे आणि सक्ती शक्य आहे, तिथे सामाजिक विमा. जिथे यांतले काहीच नाही, तिथे करांच्या पैशावर चालणारी सेवा. आजच्या चर्चेत हा भेद पुसला जातो. ज्याने त्याने बाजारातून आपापली पॉलिसी विकत घ्यावी, ही तिसरीच गोष्ट आहे आणि ती या दोन्ही अहवालांत औषधालाही सापडत नाही.

९/
दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: ‘गरीब देशाला हे परवडत नाही.’ ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा तो महायुद्धाच्या कर्जात बुडालेला होता आणि तिथले अन्न अजून शिधापत्रिकेवर मिळत होते. श्रीलंकेने सरकारी रुग्णालयांतील शुल्क १९५१ मध्ये रद्द केले. थायलंडने २००२ मध्ये सर्व नागरिकांसाठी करांवर आधारित योजना कायद्याने पक्की केली. सुरुवातीला रुग्णाकडून एका भेटीचे फक्त ३० बाट घेतले जात. यांतले कोणतेही राष्ट्र तेव्हा श्रीमंतीत लोळत नव्हते.

१०/
ब्रिटनचे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. मोफत सेवेमुळे तिजोरी रिकामी होईल, अशी ओरड तिथेही झाली. १९५१ मध्ये चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावण्याचे ठरले, तेव्हा सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पुढे हुजूर पक्षाच्या सरकारने खर्चाच्या चौकशीसाठी गिलबो समिती नेमली. १९५६ च्या अहवालात उधळपट्टी सापडली नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत सेवेवरचा खर्च उलट घटल्याचे दिसले. विरोधकांनीच नेमलेल्या समितीचा हा निर्वाळा होता.

११/
भारतात काय झाले? भोर अहवाल कोणी जाहीरपणे फेटाळला नाही. त्याला हार घालून कोनाड्यात बसवले गेले. १९५२ पासून सामुदायिक विकास कार्यक्रमासोबत आरोग्य केंद्रे निघाली, पण एका विकासगटाला एक, म्हणजे ४०,००० च्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक लोकांमागे. ७५ खाटांचा विषयच मागे पडला. आजच्या निकषानुसार सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक केंद्र असावे आणि त्यात खाटा असाव्यात सहा. भोर समितीच्या ७५ खाटांशी तुलना वाचकांनीच करावी.

१२/
मात्र त्याच सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत केंद्र सरकार आरोग्य योजना उघडली: दवाखाना, तज्ज्ञ, औषधे, बाह्यरुग्ण सेवा, सारे एका छताखाली, पगारातून थोडी वर्गणी घेऊन. योजना चांगलीच होती. प्रश्न एवढाच की सचिवालयातील कारकुनाला जी सेवा देणे राज्याला शक्य वाटले, ती सचिवालयाबाहेर भाजी विकणाऱ्या बाईला देणे अशक्य का वाटले?

१३/
व्यक्तिगत आरोग्यविमा या देशात फार उशिरा रुजला. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. याच कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ बाजारात आणला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला, संपूर्ण वैज्ञानिक नोंदींसह सिद्ध झालेले देशातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून जन्माला आले; मुंबईच्या के. ई. एम. मध्ये, म्हणजे महानगरपालिकेच्या रुग्णालयात. सरकारी म्हणजे मागासलेले, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

१४/
पुढची वाट सर्वांना माहीत आहे. १९९९ चा विमा नियामक कायदा, २००० पासून खासगी कंपन्यांना प्रवेश. २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना: कुटुंबाला ३०,००० रुपयांचे कवच. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना, प्रथम आठ जिल्ह्यांत. तीच आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत, पाच लाखांपर्यंत. पक्ष बदलले, नावे बदलली, दिशा बदलली नाही. रुग्णालय बांधण्याऐवजी रुग्णाच्या हाती कार्ड देणे, हेच आरोग्यधोरण ठरले.

१५/
कार्ड निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणणार नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी या योजनांनी असंख्य कुटुंबांना सावकाराच्या दारातून परत आणले. पण त्यांच्या मर्यादा रचनेतच आहेत. भर रुग्णालयात दाखल होण्यावर. रोजच्या गोळ्या, रक्तदाब, मधुमेह, बाह्यरुग्ण तपासणी बहुतांशी बाहेर. खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा वाटा तर याच गोष्टींवर जातो. जीवनदायीच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. पण कार्ड गडचिरोलीत पोहोचले म्हणून हृदयरोगतज्ज्ञ तिथे पोहोचत नाही.

१६/
हा इशारा स्वातंत्र्योत्तर भारतातही दिला गेला आहे. नियोजन आयोगाने नेमलेल्या डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये सांगितले की सार्वत्रिक आरोग्यसेवेचा मुख्य आधार सर्वसाधारण करच असावा आणि सरकारच्या वतीने सेवा विकत घेण्याचे काम विमा कंपन्यांकडे सोपवू नये. भोर अहवालानंतर ६५ वर्षांनी, वेगळ्या आकडेवारीवरून, वेगळ्या लोकांनी काढलेला निष्कर्ष तोच. आणि त्याची गतही तीच झाली.

१७/
आता हप्त्याकडे येऊ. ऐच्छिक विमा एका साध्या गणितावर चालतो: अनेकांनी थोडे भरायचे, आजारी पडलेल्या थोड्यांसाठी ते वापरायचे. पण ऐच्छिक असल्यामुळे धडधाकट तरुण बाहेर राहतो आणि ज्याला दुखणे जाणवू लागले तो आत येतो. आत आजारी अधिक झाले की हप्ता वाढतो. हप्ता वाढला की उरलेले धडधाकटही बाहेर पडतात. मग हप्ता पुन्हा वाढतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात पासष्टीपुढील माणसाला विमा मिळणे इतके कठीण का असते, हे याच तर्काने उलगडले होते.

१८/
यातून सुटण्यासाठी कंपनी काय करते? वयानुसार हप्ता वाढवते, जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ लावते, अटींची यादी लांबवते. म्हणजे उमेदीच्या काळात, जेव्हा गरज नसते, तेव्हा विमा स्वस्त. आणि निवृत्तीनंतर, जेव्हा मिळकत थांबते आणि दुखणी सुरू होतात, तेव्हा तो महाग. त्यावर रुग्णालयांच्या दरांना लगाम नाही, हा वेगळाच भार. यात कोणा एका कंपनीचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. ऐच्छिक बाजाराचा हा स्वभाव आहे. भिंतीवर डोके आपटून भिंतीला दोष देण्यात अर्थ नाही.

१९/
सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत आरोग्यविम्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला आणि प्रश्न सुटल्याचा जल्लोष झाला. गणित करून पाहावे. समजा मूळ हप्ता ३०,००० रुपये, त्यावर कर ५,४००, एकूण ३५,४००. कर गेला, उरले ३०,०००. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असे बंधन जानेवारी २०२५ पासून आहे. ते तंतोतंत पाळून हप्ता १० टक्क्यांनी वाढला तर पहिल्या वर्षी ३३,००० आणि दुसऱ्या वर्षी ३६,३००. करमाफीचा सारा दिलासा दोन वर्षांत संपतो, तोही नियम न मोडता.

२०/
या वाटेचे शेवटचे गाव पाहायचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविमा सुचवला. तिथल्या वैद्यक संघटनेने जाहिरात व्यावसायिक हाताशी धरून ‘समाजवादी वैद्यक’ असा बागुलबुवा उभा केला आणि योजना बारगळली. आज तो देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करतो, तरी २०२३ मध्ये अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना होते. त्याहून कितीतरी कमी खर्च करणाऱ्या ब्रिटनमध्ये माणूस सरासरी अधिक जगतो.

२१/
‘पण जर्मनी आणि जपान विम्यावरच चालतात ना?’ चालतात. जर्मनीत विमा सक्तीचा आहे आणि बहुसंख्यांची वर्गणी आजारावर नव्हे तर मिळकतीवर ठरते. जपानने १९६१ मध्ये सर्व नागरिकांना विम्यात आणले आणि उपचारांचे दर सरकारच ठरवते. म्हणजे नाव विम्याचे, आत्मा एकमेकांचा भार वाहण्याचा. आडारकरांची योजना याच कुळातली होती. मॉलमधल्या टेबलावर विकल्या जाणाऱ्या पॉलिसीचे समर्थन करण्यासाठी या देशांची नावे घेणे म्हणजे शुद्ध दिशाभूल.

२२/
‘सरकारी रुग्णालयाची अवस्था पाहिली आहे का?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता कामा नये. एका खाटेवर दोन रुग्ण, बाहेरून आणायला लावलेली औषधे, रिक्त पदे, उद्धटपणा, भ्रष्टाचार: हे सारे खरे आहे. सरकारी असणे ही गुणवत्तेची हमी नव्हे. पण गर्दी कशाचा पुरावा आहे? नको असलेल्या जागी रांगा लागत नाहीत. ज्या यंत्रणेला गरजेच्या काही अंशानेच पैसा मिळाला, तिच्या थकलेल्या चेहऱ्याकडे बोट दाखवून ‘बघा, ही जमातच नालायक’ म्हणणे म्हणजे बैलाला उपाशी ठेवून नांगरट होत नाही म्हणून ओरडण्यासारखे आहे.

२३/
‘खिशातून होणारा खर्च तर घटला आहे.’ हेही खरे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील हा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. पण शेजारचा रकानाही वाचावा: त्याच काळात सरकारी खर्चाचा वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला. सरकारने हात सैल सोडला तेव्हा लोकांचा भार हलका झाला. हा आकडा भोर समितीच्या बाजूने साक्ष देतो.

२४/
आणि ज्या यशाचा या देशाला खरा अभिमान आहे, ते कोणत्या पॉलिसीने मिळवून दिले? १९७५ मध्ये देवीची साखळी तुटली, ती गावोगाव हिंडणाऱ्या लसटोचकांमुळे. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात निसर्गतः पसरणाऱ्या पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही, तो सार्वजनिक मोहिमेमुळे. साथ हप्ता भरलेल्या घराला वगळून पुढे जात नाही. शेजाऱ्याचे आरोग्य हे आपल्याच आरोग्याचे कुंपण असते, आणि कुंपणाचा विमा निघत नाही. ते बांधावे लागते.

२५/
आता पैशाचा हिशेब. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने वचन दिले होते की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के होईल. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या वर्षातही, तो १.८४ टक्के होता: केंद्र आणि राज्ये मिळून सुमारे ४.३४ लाख कोटी रुपये. त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या हिशेबाने तफावत सुमारे दीड लाख कोटींची. हा आकडा मोठा आहे, अशक्य नाही. आणि तो कोणी परक्याने लादलेला नाही. सरकारने स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे.

२६/
म्हणून हप्त्यावरील वाद जिथे चालू आहे, तिथे तो संपणार नाही. कर माफ करा, वाढीवर मर्यादा घाला, प्रतीक्षाकाळ घटवा: या मागण्या योग्यच आहेत, पण त्या गळक्या छपराखाली ठेवलेल्या भांड्यांसारख्या आहेत. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला कार्डावरची रक्कम विचारू नये. तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे का, प्राथमिक केंद्रातली किती पदे रिक्त आहेत, औषधे बाहेरून आणावी लागतात का आणि २.५ टक्क्यांचे वचन कोणत्या अर्थसंकल्पात पाळणार, हे विचारावे. १९४६ च्या अहवालाने या देशाकडे मागितले होते ते हेच, आणि ते देणे अजून बाकी आहे.